बंदरावरील नोंद आणि कचेरीतील मेळ

रत्नागिरीच्या भगवती किल्ल्याच्या उत्तरेस, मिऱ्याच्या डोंगराकडे वळलेल्या उपसागराच्या काठी मिरकरवाड्याचे बंदर आहे, आणि कोकणातील बंदरांविषयी लिहू म्हणणारा मनुष्य बहुधा किल्ला, गलबते व आरमार यांपासूनच आरंभ करीत असल्यामुळे, या बंदरात रोज हातोहात फिरणाऱ्या पैशाची नोंद कोण व कशी ठेवीत आला, हा विषय उपेक्षित राहिला आहे. होडी धक्क्याला लागली की मासळीचा लिलाव तेथेच पुकारला जातो, आणि बांगड्याच्या किंवा म्हाकुलाच्या त्या पैशाला बर्फवाला, डिझेल, जाळ्याची दुरुस्ती, टोपल्या वाहणारे मजूर आणि तांडेल-खलाशांचा हिस्सा अशा कितीएक वाटा फुटतात. आज हाताशी आलेला पैसा उद्या येईलच याची शाश्वती नाही, आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारी-बंदीच्या काळात तर तो येणारच नाही हे ठाऊक. अशा ठिकाणी महिन्याच्या पहिल्या तारखेस बँकेत जाऊन बचत करावी हा नोकरदाराचा नियम कामाचा नसतो. येथे बचत व्हावयाची असेल, तर ती मागावयास कोणीतरी रोज दारी आले पाहिजे.

अशा रोज दारी येणाऱ्या बचतीचा प्रघात पश्चिम किनाऱ्यावरच, पण बराच दक्षिणेस, उडुपी येथे सुरू झाला. डॉ. टी. एम. ए. पै, उपेंद्र पै आणि वामन कुडवा यांनी १९२५ साली तेथे स्थापिलेल्या आणि पुढे सिंडिकेट बँक या नावाने प्रसिद्धीस आलेल्या पेढीने १९२८ मध्ये पिग्मी ठेव काढली; पेढीचा माणूस रोज घरी व दुकानी जाऊन दोन आण्यांइतकी अल्प रक्कमही गोळा करी. ही पद्धत महाराष्ट्रातील सहकारी बँकांनी व पतसंस्थांनी उचलली आणि इतकी आपलीशी केली की भाजीवाली, पानटपरीवाला, रिक्षावाला आणि मासळी विकणारी बाई यांच्या दृष्टीने पुष्कळदा बँक म्हणजे पिग्मी एजंटच झाला.

कागदाच्या काळात या व्यवहाराच्या तीन नोंदी होत. ठेवीदाराजवळ एक कार्ड असे, त्यावर एजंट तारीख व रक्कम लिहून सही करी. एजंटापाशी स्वतःची वही असे. आणि सायंकाळी तो कचेरीत आला म्हणजे त्या वहीवरून रक्कम रोजकीर्दीत आणि तेथून खातावणीत चढे. तिन्ही नोंदी निरनिराळ्या हातांत असल्यामुळे त्यांत फेर पडला तर तो कोठेतरी उघडकीस येई. लिहिता-वाचता न येणाऱ्या ठेवीदार बाईलाही कार्ड जपून ठेवण्याचे महत्त्व कळत होते, कारण वाद उपस्थित झाला म्हणजे ते कार्डच तिच्या बाजूने बोलणार होते.

आपल्याकडील राज्यकारभारात ही युक्ती फार जुनी आहे. पेशवाईत मामलेदारास वर्षारंभी हुजुरातून अदमासाचा बेहेडा मिळे आणि वर्षाअखेर त्याने आपला हिशेब हुजुरास रुजू करावा अशी रीत होती. परंतु दिवाण, मजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस इत्यादी दरखदार त्याच्या शेजारी बसविलेले असत, त्यांस दूर करण्याचा अधिकार मामलेदारास नसे, आणि त्यांच्या हातून गेल्यावाचून हिशेब पुरा होत नसे. या व्यवस्थेत दिरंगाई पुष्कळ होती, लाचलुचपतही होती; तथापि ज्याच्या हाती पैसा त्याच्याच एकट्याच्या हाती लेखणी नसावी, हे तिच्या योजकांनी ओळखले होते, आणि पिग्मीच्या तीन नोंदींत मला तेच शहाणपण लहान प्रमाणावर दिसते.

नंतर यंत्र आले. जेमतेम वीतभर लांबीचे, वर अंकांची बटणे, दोन-चार ओळींचा पडदा आणि पोटात पावती छापण्याची सोय असलेले ते पिग्मी यंत्र सकाळी कचेरीतील संगणकास तारेने जोडावयाचे, एजंटाच्या ठेवीदारांची यादी, खाते क्रमांक आणि मागील शिल्लक त्यात भरून घ्यावयाची; दिवसभर एजंटाने खाते क्रमांक दाबावा, पडद्यावर नाव व शिल्लक उमटावी, रक्कम घालावी, पावती फाडून द्यावी; आणि सायंकाळी तेच यंत्र पुन्हा संगणकास जोडून सारी वसुली एका दमात खात्यांवर चढवावी. जुन्या कारकुनाने ज्याला तेरीज म्हटले असते ती दिवसाची गोळाबेरीज आता एक बटण दाबल्याने निघू लागली. यंत्रातील बेरीज आणि एजंटाने भरलेली रोकड जुळल्यावाचून यंत्र रिते करू नये, आणि ते रिते झाल्यावाचून दुसऱ्या दिवशीची यादी त्यात उतरू नये, असा बंदोबस्त बहुतेक ठिकाणी केलेला असे.

याच सुमारास अमेरिकेत खिशात मावणाऱ्या संगणकाची लाट आली होती. जेफ हॉकिन्स यांनी म्हणे लाकडाचा एक ठोकळाच खिशात घालून, त्यावर लिहिण्याचा आविर्भाव करीत, आपल्या भावी यंत्राचा आकार पारखला. त्यातून निघालेले 'पायलट' १९९६ मध्ये बाजारात आले आणि मेजावरील बैठकीत ते ठेवून एक कळ दाबली की 'हॉटसिंक' नावाच्या आज्ञावलीने यंत्रातील व संगणकातील भेटीगाठींच्या आणि पत्त्यांच्या याद्या परस्परांशी जुळवून घ्याव्यात, अशी त्याची रचना होती. मायक्रोसॉफ्टची 'ॲक्टिव्हसिंक' त्याच जातीची. मोठ्या कंपन्यांतील संगणक-व्यवस्थापकांना ही आज्ञावली शेकडो मेजांवर बसविताना पुष्कळ कष्ट पडले, हे खरे. परंतु तेथे खिशातील आणि मेजावरील या दोन्ही नोंदी एकाच धन्याच्या होत्या, आणि त्यांत विसंगती आली तर कोणती ठेवावी हे तोच ठरवू शके. पिग्मीच्या यंत्रात नोंदी दोन, पण त्यांचे धनी मात्र तीन: ठेवीदार, एजंट आणि संस्था. परदेशी यंत्राची आणि आपल्या यंत्राची तार सारखीच असली, तरी तिच्या दोन टोकांना बसलेल्यांचे नाते निराळे होते, आणि माझ्या मते या यंत्राचा इतिहास त्या नात्याचाच आहे.

संस्थेच्या प्रत्येक शाखेतील संगणकावर पिग्मी यंत्राची आज्ञावली बसविणे हे त्या काळी एक मोहिमेसारखे प्रकरण होते. केंद्रीय संगणकप्रणाली येण्यापूर्वी प्रत्येक शाखेचा संगणक आपल्यापुरता स्वतंत्र सुभा असे. त्यामुळे रत्नागिरीत बसून लांजा, राजापूर किंवा देवरुख येथील शाखेत काही पाठविण्याची सोय नव्हती, कोणीतरी तबकडी घेऊन एस.टी.ने तेथे जावे लागे. गेल्यावर तार कोणत्या खाचेत लावावयाची, त्या खाचेस संगणक कोणत्या क्रमांकाने ओळखतो, यंत्रातून उतरलेली फाइल कोणत्या ठिकाणी पडावी, तारखेत दिवस आधी की महिना आधी, खाते क्रमांकास किती घरे, हे सारे जुळवावे लागे. एक घर इकडचे तिकडे झाले की एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावावर चढण्याचा संभव. पुष्कळ यंत्रांना देवनागरी ठाऊक नसल्यामुळे नावे रोमन अक्षरांत आणि तीही आखडून घालावी लागत; मग एकाच आडनावाने अर्धी गल्ली भरलेली असलेल्या वस्तीत कोणता माणूस कोणता, हे यंत्रापेक्षा एजंटालाच अधिक खात्रीने कळत असे. पुढे नव्या संगणकांतून ती जुनी नऊ टाचण्यांची खाच नाहीशी झाली, तेव्हा मध्ये जोडावयाचा तुकडा आणि त्या तुकड्यासाठी आणखी एक आज्ञावली आली. आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये विंडोज एक्सपीचा आधार तिच्या निर्मात्यांनी काढून घेतल्यावरही कित्येक कचेऱ्यांनी केवळ यंत्र चालावे म्हणून एक जुना संगणक कोपऱ्यात जिवंत ठेवला. संगणकाचा इतिहास लिहिणारे नव्या शोधांच्या तारखा देतात. कोपऱ्यातील हा म्हातारा संगणक त्यांच्या हिशेबी येत नाही.

राज्य परिवहनाचीही गोष्ट याहून फार वेगळी नाही. १ जून १९४८ रोजी अहमदनगर–पुणे मार्गावर धावलेल्या पहिल्या गाडीपासून अनेक दशके वाहकाची तिकिटांची पेटी आणि त्याचे वे-बिल यांवर एस.टी.चा हिशेब चालला; पुढे त्याच्याही हाती तिकीट यंत्र आले, जे आगारातून मार्ग व भाडे भरून निघावे आणि फेरी संपल्यावर आगारातील संगणकात रिते व्हावे.

पिग्मीच्या यंत्राने श्रम वाचविले, आकडेमोडीच्या चुका कमी केल्या, आणि एजंटाला खोटी नोंद करणे पूर्वीइतके सोपे राहिले नाही, हे त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याने तीन नोंदींतील दोन एक केल्या. एजंटाची वही आणि कचेरीची रोजकीर्द एकाच तारेच्या दोन टोकांना आल्या, आणि ठेवीदाराच्या हाती कार्डाऐवजी पावतीचा चिठोरा आला. उष्णतेने छापणाऱ्या यंत्रांची पावती तर अशी नाजूक की उन्हाने व दमटपणाने तिच्यावरील अक्षरे पुसट होत जातात. मासळीच्या पाण्याने ओल्या हातांनी ती कनवटीस लावली तर कितीशी टिकणार! कार्डावर वर्षभराचा हिशेब एकत्र दिसे. पावती एका दिवसापुरती बोलते. कोणाचे म्हणणे खरे हा प्रश्न पूर्वी कार्ड पाहून सुटे, आता तो संगणकातील खाते पाहून सुटू लागला, म्हणजे पुराव्याचे ठिकाण ठेवीदाराच्या घरातून संस्थेच्या कचेरीत गेले. मिरकरवाड्यात काय आणि अन्यत्र काय, या स्थलांतराची कोणी चर्चा केल्याचे माझ्या वाचनात नाही.

एजंटाचेही स्थान चमत्कारिक होते. तो संस्थेचे यंत्र बाळगी, संस्थेचा पैसा वाही, पण त्यास मिळे ते वेतन नव्हे तर वसुलीवरील कमिशन. आणि तो संस्थेचा नोकर की स्वतंत्र दलाल, हा वाद हैदराबादच्या औद्योगिक न्यायाधिकरणाच्या १९८८ मधील निवाड्यापासून चालत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १३ फेब्रुवारी २००१ रोजी न्यायालयाने बँकांचे असे ठेव-संकलक कायद्याच्या अर्थाने 'कामगार' आहेत आणि त्यांचे कमिशन हे वेतनच होय असे मानले. मात्र नियमित कर्मचाऱ्यांत सामावून घेण्याचा हक्क त्यांस मिळाला नाही.

आता तारही गेली. एजंटाच्या हाती साधा मोबाइल फोन आणि कमरेला छोटा छपाईयंत्राचा डबा असतो, नोंद केली त्याच क्षणी ती खात्यावर चढते, आणि ठेवीदाराच्या फोनवर संदेश जातो. धक्क्यावर संपर्क तुटला तर तो जुळेपर्यंत थांबते इतकेच. गेलेल्या कार्डाची जागा हा संदेश काही अंशी भरून काढतो, परंतु ज्या बाईचा फोन मुलाच्या हाती आणि मुलगा समुद्रात, तिला तो संध्याकाळपर्यंत दिसत नाही. रोकड मात्र अजून कोणत्याही आज्ञावलीने वाहिलेली नाही; ती एजंटाच्या पिशवीतूनच कचेरीत जाते, मोजली जाते, आणि यंत्राने सांगितलेल्या बेरजेशी ताडून पाहिली जाते. जेथे संस्थांनी कार्ड अद्याप बंद केलेले नाही, तेथे पावती हाती घेतल्यावरही आधी कार्ड पुढे करून त्यावर लिहून मागणारे ठेवीदार आढळतात. मला त्यांचा आग्रह रास्त वाटतो, आणि संस्थांनी तो पुरवावा.