‘शक्ती’च्या पहिल्या अल्बमवरील ‘विथ’

१/ मे १९६४ मध्ये रोलिंग स्टोन्स या लंडनच्या ऱ्हिदम अँड ब्लूज गटाची पहिली एलपी अमेरिकेत आली. ब्रिटिश आवृत्तीच्या वेष्टनावर गटाचे नावही नव्हते. अमेरिकी आवृत्तीवर मात्र ‘इंग्लंड्स न्यूएस्ट हिट मेकर्स’ असे छापले गेले. नव्या श्रोत्याला कोणाची ओळख कशी करून दिली जाते, याचा वेष्टन हा उत्तम पुरावा असतो.

२/ असाच एक पुरावा मुंबईशी निगडित आहे. यॉर्कशायरमध्ये १९४२ साली जन्मलेला गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन हाही लंडनच्या त्याच वर्तुळातला. जॉर्जी फेम आणि ग्रॅहम बाँड यांच्या गटांत तो वाजवत असे. १९६९ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. माइल्स डेव्हिसच्या ध्वनिमुद्रणांमुळे आणि पुढे स्वतःच्या ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’मुळे अमेरिकेत त्याचे नाव झाले.

३/ त्यानंतर त्याने विजेवरचा गोंगाट बाजूला ठेवला आणि ‘शक्ती’ हा गट उभा राहिला. तबल्यावर माहीममध्ये वाढलेले, उस्ताद अल्लारखाँ यांचे पुत्र झाकीर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम, मृदंगमवर रामनाड राघवन.

४/ माहीम आणि कर्नाटक संगीताच्या मैफलींनी गजबजणारे माटुंगा यांत अंतर ते किती! तरीही हिंदुस्थानी तबला आणि कर्नाटक घटम यांचा हा नित्याचा सहवास जुळला तो अमेरिकेत, एका इंग्रज गिटारवादकाच्या साथीने.

५/ पहिला अल्बम स्टुडिओत झाला नाही. ५ जुलै १९७५ रोजी लाँग आयलंडवरील साउथ हॅम्प्टन कॉलेजात झालेल्या मैफलीचे हे ध्वनिमुद्रण. रचना तीनच, पहिली, ‘जॉय’, अठरा मिनिटांची. ड्रमसेट नाही, बेस गिटार नाही. कोलंबिया कंपनीने १९७६ मध्ये तो प्रसिद्ध केला.

६/ वेष्टनावरील नाव: ‘शक्ती विथ जॉन मॅकलॉफ्लिन’. अमेरिकी ग्राहकाला जे एक नाव ठाऊक होते, ते गटाच्या नावाला जोडले गेले. बाजाराचे गणित सरळ होते; पण त्यामुळे एक गैरसमज रुजला. हा एका पाश्चात्त्य कलावंताचा ‘भारतीय प्रयोग’ आहे, असे मानले जाऊ लागले.

७/ ध्वनिमुद्रिका याच्या उलट साक्ष देते. १९६५ च्या ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये बीटल्सनी सतार वापरली, ती रंगापुरती, गाण्याची चौकट पाश्चात्त्यच राहिली. ‘शक्ती’त चौकटच भारतीय आहे: स्वरांचे हार्मनीविना होणारे विस्तार, तालाची आवर्तने, बोलांचे सवालजवाब. गिटारवादकाने आपले वाद्यही त्यासाठी बदलून घेतले. त्यावर तरफांसारख्या सात जादा तारा बसवल्या. जुळवून घेणारा कोण होता, हे त्या तारा सांगतात.

८/ १९७८ पर्यंत हा पहिला गट थांबला. १९९७ पासून ‘रिमेम्बर शक्ती’ म्हणून तो पुन्हा उभा राहिला आणि डिसेंबर २००० मध्ये मुंबईतच त्याचे ध्वनिमुद्रण झाले. चेंबूरमध्ये वाढलेले, श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेले शंकर महादेवन पुढे या गटाचा आवाज झाले.

९/ फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘धिस मोमेंट’ला ग्रॅमी मिळाला. मॅकलॉफ्लिन गटात होतेच. पण हा अल्बम केवळ ‘शक्ती’ या नावाने आला होता. ‘विथ’ गळून पडायला जवळपास अर्धशतक लागले. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीर हुसेन गेले. ‘जॉय’ ऐकताना चोवीस वर्षांच्या त्या माहीमकराचा तबला आधी ऐका. वेष्टन नंतर वाचा.