राणीचा बाग आणि त्यांतलें संग्रहालय

ठाणें जिल्ह्यांतील मुरबाडच्या मुरकुटे घराण्यांत १८०३ सालीं जगन्नाथ शंकरशेट यांचा जन्म झाला. ठाण्याकल्याणकडील मंडळी त्यांचें नांव आगगाडीशीं जोडतात, आणि तें योग्यच आहे. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत व पुढल्या सालीं कल्याणपर्यंत जी गाडी धांवूं लागली, तिच्या उभारणींत नानांचा हात होता. परंतु त्याच गाडीनें भायखळ्यास उतरलें असतां जो बाग व जें संग्रहालय दृष्टीस पडतें, त्यांच्याही मुळाशीं नाना होते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत असते.

लंडन व पॅरिस येथील मोठ्या प्रदर्शनांसाठीं मुंबई इलाख्यांतला माल गोळा करतां करतां असा संग्रह येथेंच कां नसावा, हा विचार निघाला, आणि १८५५ सालीं किल्ल्यांतल्या एका बराकींत तो मांडण्यांत आला. सृष्टिविज्ञान, भूगर्भ, उद्योग आणि कला हे सर्व विषय एकाच छपराखालीं होते. १८५७ च्या धामधुमींत लष्कराला बराक हवी झाली. वस्तू घाईघाईनें टाउनहॉलांत हलविल्या गेल्या आणि त्यांपैकीं कित्येकांचा चुराडा झाला. दोन वर्षांचे श्रम असे मातीस मिळाले.

यानंतर ग्रँट मेडिकल कॉलेजांतील डॉक्टर जॉर्ज बर्डवुड यांनीं संग्रहाचें काम हातीं घेतलें. हा मनुष्य मोठा विलक्षण. इलाख्यांतील वनस्पतिजन्य पदार्थांची सूची त्यानें १८६२ सालीं छापली, आणि पुढें १८८० सालीं हिंदुस्थानच्या कारागिरीवर ग्रंथही लिहिला. एकाच माणसाला झाडाची साल आणि त्या सालीच्या रंगांत बुडविलेलें वस्त्र या दोहोंचें सारखेंच वेड. म्हणूनच नवें संग्रहालय बागेंत असावें, बाहेर वृक्ष आणि आंत त्यांपासून मनुष्याच्या हातानें घडलेल्या वस्तू, ही योजना त्याला स्वाभाविक वाटली असल्यास नवल नाहीं. १८५८ सालीं जाहीर सभा भरून वर्गणी सुरू झाली. पुढारीपण नानांकडे आलें. चिटणिसीचा भार बर्डवुड यांच्याबरोबर डॉक्टर भाऊ दाजी यांनीं उचलला. डेव्हिड ससून यांच्यासारख्या धनिकांनीं हात सैल सोडला. सरकारनेंही साह्य दिलें.

बागेची व्यवस्था कृषि व उद्यान यांना वाहिलेल्या एका मंडळीकडे होती. तिचा आधींचा बाग शिवडीस होता. पुढें ती जागा ख्रिस्ती दफनभूमीस गेली. भायखळ्यास सुमारें ३३ एकरांवर नवी लागवड झाली आणि १८६२ सालीं बाग लोकांस खुला झाला. संग्रहालयाचा पायाही त्याच सालीं घातला गेला.

तो काळ मुंबईच्या सुबत्तेचा. अमेरिकेंत यादवी पेटलेली, तिकडचा कापूस बंद, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव. देणगी मागणाराला कोणी विन्मुख पाठवीत नसे. पण १८६५ सालीं यादवी संपली, भाव कोसळले, शेअरांचे कागद रद्दी झाले. भाऊ दाजींसारखा विद्वान् देखील त्या सट्ट्यांत सांपडून मोठी ठोकर खाऊन बसला. जुलैच्या पहिल्या तारखेस बाजार बुडाला आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेस नाना शंकरशेट निवर्तले. संस्थेचा पैसा आणि पुढारी, दोन्हीं एका महिन्यांत गेले.

ज्यांनीं वर्गणीचे आंकडे घातले होते ते वसूल होण्याची आशा उरली नाहीं, आणि भिंती अर्धवट राहिल्या. चुनादगड कांहीं वर्षें थांबूं शकतो. रोपांचें तसें नाहीं. त्यांना वैशाखांत रोज पाणी पाहिजे, आणि माळ्यांचा पगार दर महिन्यास द्यावा लागतो. धर्मादाय संस्था काढणारांच्या अंदाजपत्रकांत हीच बाब नेहमीं विसरली जाते. कोनशिलेला पैसे मिळतात, पखालीला मिळत नाहींत. शेवटीं सरकारनें पुढें होऊन इमारत पुरी केली. २ मे १८७२ रोजीं तिचे दरवाजे उघडले. इंग्लंडांतून आणलेले ओतीव लोखंडाचे खांब तिच्यांत आजही उभे आहेत. बाग १८७३ सालीं नगरपालिकेच्या हवालीं झाला. व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट हें नांव या संग्रहालयानें घेतलें, त्यानंतर बऱ्याच वर्षांनीं, १८९९ त, लंडनच्या प्रसिद्ध संग्रहालयाला तेंच नांव मिळालें!

१८९० मध्यें आणखी जागा घेऊन प्राणिसंग्रह वाढविण्यांत आला, आणि त्यापुढें लोकांच्या दृष्टीनें राणीचा बाग म्हणजे वाघसिंह एवढाच अर्थ उरला. घारापुरीचा दगडी हत्ती इंग्लंडास नेण्याच्या खटपटींत फुटला होता. त्याचे तुकडे जुळवून १९१४ सालीं तो येथें उभा करण्यांत आला. त्याच्या पाठीवर बसावयाची हौस असलेल्या मुलांपैकीं शेजारच्या दालनांतले मातीचे सुबक नमुने कितीजणांनीं पाहिले असतील कोण जाणे.

१९७५ सालीं संग्रहालयाला भाऊ दाजी लाड यांचें नांव देण्यांत आलें. तोंवर इमारतीची रया गेली होती. २००३ सालीं महानगरपालिका, इन्टॅक ही वारसा-संरक्षण संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनीं करार करून जीर्णोद्धार आरंभला. पालिका, दाते आणि जाणकार असे तिघे एकत्र आल्यानें या खेपेस काम अर्ध्यावर अडलें नाहीं; २००५ सालीं युनेस्कोचा गौरव मिळाला आणि २००८ च्या आरंभीं संग्रहालय पुन्हां खुलें झालें. त्याचा कारभार आतां विश्वस्त मंडळाकडे, बाग मात्र पालिकेकडे. बर्डवुडनें जें एक मानलें होतें, त्याचीं दोन दप्तरें झालीं आहेत, आवार तेवढें एकच राहिलें आहे.