प्लेगचे क्रूस आणि मोबाइलवरची मिस्सा: साथीच्या काळातली कॅथलिक उपासना



सिद्धेश्वरसारख्या गावात कॅथलिकांच्या उपासनेवर व्याख्यान कशाला, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. आपल्या पंचक्रोशीत देवाचं नाव निघालं की आधी औंढ्याचा नागनाथ आठवतो आणि मग नर्सीचे नामदेव. पण २०२० च्या मार्चमध्ये औंढ्याच्या देवळाचे दरवाजे बंद झाले, त्याच सुमारास वसईची आणि वांद्र्याची चर्चही बंद झाली. आषाढीला संतांच्या पादुका एसटी बसमध्ये बसून पंढरपूरला गेल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. म्हणजे प्रश्न सगळ्यांपुढे एकच होता. देवाकडे जायची वाट बंद झाली तर भक्तानं काय करायचं? कॅथलिक चर्चनं त्याचं उत्तर कसं शोधलं, ते आज पाहू. त्या उत्तराचा इतिहास बराच जुना आहे, आणि त्यातला मोठा भाग आपल्या महाराष्ट्रातच घडलेला आहे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ, नाहीतर पुढची अडचण कळणार नाही. कॅथलिक चर्चमध्ये सात संस्कार आहेत. बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त म्हणजे कन्फेशन, आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार, गुरुदीक्षा आणि विवाह. यातले बहुतेक संस्कार वस्तूंनी आणि हातांनी होतात. बाप्तिस्म्याला पाणी लागतं. मिस्सेला, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेला, भाकर आणि द्राक्षारस लागतो. आजाऱ्याच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावावं लागतं. कन्फेशनला पापं ऐकणारा धर्मगुरू समोर लागतो, फोनवरून क्षमा देता येत नाही. प्रार्थना कुठूनही करता येते, संस्काराला मात्र माणूस जवळ यावा लागतो. आणि साथ नेमकं तेच करू देत नाही. ती माणसाला माणसाजवळ येऊ देत नाही. खरा पेच इथे आहे.

आता थोडं मागे जाऊ. १५७६ साली इटलीतल्या मिलान शहरात प्लेग आला. लोकांना घरात कोंडून घालण्यात आलं. तिथले आर्चबिशप होते चार्ल्स बोरोमिओ. त्यांनी चौकाचौकात, उघड्यावर वेद्या उभारल्या आणि तिथे मिस्सा सुरू केली. लोक आपापल्या खिडकीतून बघायचे आणि तिथूनच प्रार्थना म्हणायचे. पुढे त्या जागांवर क्रूस उभे राहिले. बघा, माणसाला चर्चपर्यंत जाता येईना, म्हणून वेदी त्याच्या खिडकीखाली आली.

हे चित्र डोळ्यासमोर ठेवा आणि आता मुंबईत या. १८९६ चा सप्टेंबर महिना. मांडवीच्या गोदी भागात माणसं तापानं मरत होती, जांघेत आणि काखेत गाठी येत होत्या. हा गाठीचा प्लेग आहे, असं निदान केलं डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी. हे डॉक्टर मूळचे गोव्याचे आणि कॅथलिक. त्यांचा पुतळा आजही धोबीतलाव भागात, मेट्रो सिनेमाजवळ उभा आहे. रोज हजारो लोक त्याच्यासमोरून जातात, पण हा माणूस कोण हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पुढे हाच प्लेग देशभर पसरला आणि काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसं त्यात गेली. लाखो लोकांनी मुंबई सोडली. ४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारनं साथरोग कायदा केला. घरांची झडती, आजाऱ्याला उचलून नेणं, सक्तीचं विलगीकरण, हे सगळं त्या काळात आलं. पुण्यात त्याची परिणती रँडच्या वधात झाली, तो इतिहास तुम्हाला पाठच आहे.

याच काळात मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती गावठाणांत एक गोष्ट घडली. वांद्र्याचं रणवार आणि चुईम, माझगावची माथारपाखाडी, गिरगावातली खोताची वाडी, अशा वस्त्यांत लोकांनी गल्लीच्या तोंडाशी, विहिरीजवळ किंवा घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत क्रूस उभारले. कुठे जुन्या क्रूसाभोवती लोक नव्यानं जमू लागले, कुठे छोटी प्रार्थनाघरं बांधली गेली. साथ टळावी म्हणून कुणी नवस केला, आपली वाडी वाचली म्हणून कुणी कृतज्ञतेनं बांधलं. मुंबईत आजही त्यांना 'प्लेगचे क्रूस' म्हणतात. संध्याकाळी तिथे जपमाळ म्हणायची, संतांना साकडं घालायचं. त्या संतांत सेंट सेबॅस्टियन आणि सेंट रॉक हे प्लेगचे खास संत. आपल्याकडे साथ आली की गाव मरीआईला साकडं घालतं, तोच हा भाव.

या क्रूसांसमोर प्रार्थनेची सुरुवात करायला धर्मगुरूच लागतो असं नाही. वाडीतली एखादी वडीलधारी बाई जपमाळ सुरू करते आणि बाकीचे साथ देतात. म्हणजे साथीच्या काळात उपासना गल्लीत आली, आणि बऱ्याच अंशी घरच्या माणसांच्या हातात आली. साथ गेली, पण क्रूस राहिले आणि त्यांच्यासमोर जमायची रीतही राहिली. साथीत केलेली तात्पुरती सोय अशी शंभर वर्षं टिकू शकते.

आता २०२० कडे येऊ. १८९७ चा तोच साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं पुन्हा लागू केला. कायदा जुना, पण परिस्थिती वेगळी. प्लेगच्या वेळी माणसं गल्लीत क्रूसासमोर जमू शकत होती. कोरोनात गल्लीतही जमायचं नव्हतं. १८९६ चा तोडगा या वेळी चालणार नव्हता.

सुरुवातीला छोटे बदल झाले. ख्रिस्तप्रसाद जिभेवर न देता हातावर द्यायचा. मिस्सेत एकमेकांना शांती देताना हस्तांदोलन करायचं नाही, नमस्कार करायचा. दारातलं पवित्र पाणी काढून ठेवायचं. मग काही दिवसांतच लोकांसाठीच्या मिस्साच बंद झाल्या. वर्षातला सगळ्यांत पवित्र आठवडा पुढ्यात होता. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार, १० एप्रिलला गुड फ्रायडे, १२ एप्रिलला ईस्टर. रोमहून मार्चमध्येच आदेश आले. धर्मगुरूंनी हे विधी लोकांशिवाय करावेत, गुरुवारी पाय धुण्याचा विधी गाळावा, मिरवणुका टाळाव्यात. २७ मार्चला पोप फ्रान्सिस पावसात, रिकाम्या सेंट पीटर चौकात एकटे उभे राहिले. त्यांच्या शेजारी जो लाकडी क्रूस होता, तो १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांवरून मिरवला गेला होता. एका साथीतली खूण अशी दुसऱ्या साथीत बाहेर काढली गेली.

मग मोबाइलवरची मिस्सा आली. वसईत, मुंबईत, गोव्यात घराघरांत टेबलावर मेणबत्ती लावून लोक यूट्यूबसमोर बसू लागले. आता एक फरक नीट लक्षात घ्या. चर्चनं कुठेही असं म्हटलं नाही की पडद्यावर पाहिलं म्हणजे ख्रिस्तप्रसाद मिळाला. 'मनोमन ग्रहण करा' असं सांगितलं. ही कल्पनाही जुनीच आहे, ज्याला प्रत्यक्ष घेता येत नाही त्यानं इच्छेनं घ्यायचं. कन्फेशनचंही तसंच. धर्मगुरू मिळत नसेल तर देवावरच्या प्रेमातून मनापासून पश्चात्ताप करा, आणि शक्य होईल तेव्हा कन्फेशनला जायचा निश्चय ठेवा, क्षमा आहे. याचं मोठं उदाहरण जपानात सापडतं. सतराव्या शतकात तिथे ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, धर्मगुरू संपले. तरी नागासाकीच्या परिसरातल्या कुटुंबांनी बाप्तिस्मा आणि पश्चात्तापाची प्रार्थना या दोन गोष्टींच्या जोरावर दोनशेहून अधिक वर्षं काढली. १८६५ साली ते लोक पुन्हा जगासमोर आले. आणीबाणीत बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतो, हा चर्चचा नियम तिथे उपयोगी पडला.

आपल्या मराठवाड्याचंही इथे सांगायला हवं. हिंगोली जिल्हा १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. इथले कॅथलिक थोडे, आणि तेही लांब लांब विखुरलेले. जिथे फादर अधूनमधूनच येतात, अशा वस्तीत रविवारची मिस्सा चुकणं नवीन नसतं. घरातली प्रार्थना आणि गावातल्या धर्मशिक्षकाचा आधार यांवर श्रद्धा टिकते. वांद्र्याच्या माणसाला लॉकडाउनमध्ये जे पहिल्यांदा सोसावं लागलं, ते एखाद्या आडगावच्या कुटुंबाला आधीपासून माहीत असतं. शहरानं गावाकडून शिकावं अशी ही एक जागा आहे.

पण सगळंच असं निभावलं गेलं, असं म्हणता येणार नाही. एका ठिकाणी तोडगा अपुरा पडला, आणि ते ठिकाण म्हणजे मरण. कॅथलिक घरात माणूस जायला टेकला की फादरना बोलावतात. तेल लावतात, प्रसाद देतात, हात हातात घेतात. कोरोनाच्या वॉर्डात घरच्यांनाही प्रवेश नव्हता. रोमनं तेव्हा जाहीर केलं की ज्याला शेवटचा संस्कार मिळू शकला नाही, पण जो आयुष्यभर प्रार्थना करत आला, त्याची उणीव चर्च स्वतः भरून काढेल. धर्मशास्त्राच्या दृष्टीनं हा फार मोठा दिलासा. पण ज्या मुलीला आपल्या आईच्या कपाळाला हात लावता आला नाही, तिचं दुःख फर्मानानं कमी होतं का? हा प्रश्न मी उघडाच ठेवतो.

मरणानंतरही प्रश्न होताच. ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेनं परिपत्रक काढलं, की कोरोनानं मरण पावलेल्या प्रत्येकाचं, धर्म कोणताही असो, दहनच करावं. त्याच दिवशी ते बदलावं लागलं. पुढे २२ मे ला मुंबई उच्च न्यायालयानं दफनावरचा आक्षेप फेटाळला आणि सन्मानानं अंत्यसंस्कार हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं म्हटलं. चर्चनं दहनाला १९६३ सालीच परवानगी दिलेली होती. अस्थी विसर्जित न करता पवित्र जागी जतन कराव्यात, एवढी अट. तरी दफनाची सवय पिढ्यानपिढ्यांची. ५ जुलै २०२१ ला जेजुइट धर्मगुरू स्टॅन स्वामी कोठडीत असतानाच वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात वारले. सेंट पीटर्स चर्चमध्ये मोजक्या माणसांत मिस्सा झाली, बाकीच्यांनी ती पडद्यावर पाहिली. मग एका कॅथलिक धर्मगुरूच्या देहाचं दहन झालं. तीस-चाळीस वर्षांपूर्वी हे दृश्य अनेकांना कल्पनेतही आणता आलं नसतं.

१६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याच्या दिवशी, महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला, परत उघडली. लोक परत गेले. मोबाइलवरची मिस्सा आजाऱ्यांसाठी, म्हाताऱ्यांसाठी अजून चालू आहे.

यातून मला जे दिसतं ते सांगून थांबतो. साथ आली की धर्माला आपल्या सामानाची झाडाझडती घ्यावी लागते. हात जोडायचे की हातात हात द्यायचा, ही रीत आहे, ती बदलता येते. जागा बदलता येते, वेळ बदलता येते, देहाचा शेवटचा विधीही बदलता येतो. पण माणसानं माणसाजवळ असणं, याला पर्याय सापडला नाही. चर्चनंही पर्याय सापडला असा दावा केला नाही, हे मला त्याच्या प्रामाणिकपणाचं लक्षण वाटतं.

आपल्या भागातली कथा तुम्हाला ठाऊक आहे. नामदेवांना नागनाथासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते देवळामागे जाऊन उभे राहिले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. दाराबाहेर राहिलेल्या माणसाकडे देवानं तोंड फिरवावं, ही आपली जुनी अपेक्षा आहे. मिलानच्या चौकातली वेदी, रणवारचा क्रूस, फोनवरची मिस्सा, हे सगळे त्या दिशेनं फिरण्याचे प्रयत्न होते. कोरोनाच्या वॉर्डाच्या दारापर्यंत मात्र फार थोड्यांना पोचता आलं. पुढची साथ येईल तेव्हा आजाऱ्याच्या उशाशी एका माणसाला, योग्य ती काळजी घेऊन, कसं जाऊ द्यायचं, याचा विचार चर्चनं, देवळानं, मशिदीनं आणि सरकारनंही आत्ताच करून ठेवायला हवा.