करवंद समजून घेतलेलं बूत

गेल्या उन्हाळ्यात निजव्याच्या बाजारात एक आजोबा टोपलीत काळी-जांभळी फळं घेऊन बसले होते. मी लगेच बायकोला म्हटलं, "अगं, करवंदं!" घेतली मूठभर. चव गोड, पण आत एकच मोठी टणक बी. करवंदात बिया असतात बारीक आणि पुष्कळ. म्हणजे आमचं वर्गीकरण पहिल्याच घासाला कोसळलं! आजोबा हसून म्हणाले, "बूत."

घरी येऊन शोधाशोध केली, तर या काटेरी झुडपाने भल्याभल्यांना चकवलेलं निघालं.

१८३८ साली ओशे-एल्वा नावाच्या फ्रेंच माणसाने मस्कतला उतरून, जबल अखदर चढून वनस्पतींचे नमुने जमवले. त्याच वर्षी तो इराणात वारला. त्याचे नमुने मात्र युरोपात पोचले.

इकडे आपल्या सहारनपूरच्या बागेचा प्रमुख फाल्कनर याला हेच झुडूप वायव्येकडच्या डोंगरांतलं मिळालं. १८४२ मध्ये त्याने एजवर्थ या मित्राच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं 'एजवर्थिया'. पण वर्षभर आधीच ते नाव दुसऱ्या झाडाला दिलं गेलं होतं. झालं, नाव बाद!

मग १८४४ मध्ये जिनिव्हाच्या द कांदोलने आपल्या ग्रंथात फाल्कनरच्या झुडपाला 'रेप्टोनिया' म्हटलं आणि मस्कतच्या झुडपाला 'मोनोथेका मस्कतेन्सिस'. एकाच ग्रंथात एकाच झाडाच्या दोन प्रजाती! वर दोन्ही बसवल्या वावडिंगाच्या जवळच्या कुळात.

पुढे अभ्यासकांनी ते चिकूच्या कुळात आणलं. १९९१ मध्ये पेनिंग्टनने नाव दिलं 'सिडेरॉक्सिलॉन मस्कतेन्स'. म्हणजे बकुळ, मोह, खिरणी ही याची भावंडं! गंमत पुढेच आहे. १९९८ मध्ये डीएनएच्या आधारे झालेल्या नव्या मांडणीत चिकूचं आणि वावडिंगाचं कूळ एकाच गणात आलं. तो गण एरिका म्हणजे हीथच्या नावाचा. चहा आणि हिमालयातला बुरांसही त्यातलेच. द कांदोल अगदीच परक्या घरात शिरला नव्हता तर!

कागदावर इतकी नावं बदलली, पण निजव्याच्या आजोबांचं बूत बूतच राहिलं. ओशे-एल्वाला यातलं काहीच कळलं नाही, याची मात्र चुटपुट लागते.

असो. परदेशात करवंद शोधायला गेलो आणि चिकूचा चुलतभाऊ भेटला. गावच्या ओळखी अशाच निघतात, नाही का?