कुंचला आणि ठसा : सावंतवाडीची गंजिफा

युरोपात पत्त्यांवर चित्रे उमटवण्याचा व्यवसाय लाकडी ठसे कोरणाऱ्या कारागिरांच्या हाती वाढला. कोरलेल्या ठशाने कागदावर काळी रेषा उठवायची आणि कापून काढलेल्या साच्यातून तीत रंग भरायचे, ही तेथली जुनी रीत होती. 1831 मध्ये लंडनच्या टॉमस डी ला रू यांनी रंगही यंत्रावरच छापण्याचे पेटंट मिळवले आणि पत्ता हा कारखान्याचा माल झाला. त्याच शतकात दक्षिण कोकणातील सावंतवाडी संस्थानात मात्र पत्ते घडवणारा चितारी हाती कोरणी न घेता कुंचलाच चालवीत होता.

ठसा कोरण्याची विद्या मराठी मुलखाला अपरिचित होती असे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस नाना फडणविसांच्या आश्रयाने पुण्यातील एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यावर भगवद्गीता कोरण्यास घेतली आणि नानांच्या मृत्यूनंतर ते काम मिरजेच्या पटवर्धनांकडे जाऊन 1805 मध्ये छापून पूर्ण झाले. त्यामुळे चिताऱ्याने ठसा का जवळ केला नाही, याचे उत्तर अज्ञानात न शोधता त्याने घडवलेल्या वस्तूत आणि तिच्या गिऱ्हाइकात शोधावे लागते.

गंजिफा म्हणजे गोल पानांचा जुना खेळ होय. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, तर अबुल फझलाने ‘आईन-ए-अकबरी’त या खेळाचे तपशीलवार वर्णन केले आहे. मोगल गंजिफेत आठ रंगांची, म्हणजे आठ गटांची, मिळून 96 पाने असत. दशावतारी गंजिफेत विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग झाले आणि पानांची संख्या 120 वर गेली. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने असतात. राजा म्हणजे तो अवतार स्वतः, आणि उरलेल्या पानांवर मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, परशुरामाचा परशू अशी त्याची खूण असते. तिघांत प्रत्येकी चाळीस पाने वाटली जातात, हुकूम नसतो, आणि दिवसा खेळल्यास रामाचा, तर रात्री खेळल्यास कृष्णाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याची पहिली उतारी असते. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, तर निम्म्यांत एक्का वरचढ असल्यामुळे डाव लक्षात ठेवणे हेच खेळाडूचे मुख्य कसब ठरते.

पान घडवण्याची रीत कष्टाची होती. जुन्या कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवून वाळवीत, खडूचा लेप देऊन दगडाने घोटीत, गोल कापून त्यावर चित्र काढीत आणि शेवटी लाखेचा हात देत. चित्राचे श्रमही समसमान नव्हते. 120 पैकी राजा-प्रधानांची अवघी वीस पाने आकृतींची. उरलेल्या शंभर पानांवर एका रंगात 55 याप्रमाणे एकूण 550 खुणा काढायच्या असत. एकच मासा 55 वेळा काढताना तो दोन-चार फटकाऱ्यांत उतरवण्याची सवय हाताला लागते, आणि ठशाने साधणारी पुनरावृत्ती अशा रीतीने बोटांतच मुरते. राजेरजवाड्यांसाठी सोनेरी कामाची, कधी हस्तिदंती पाने होत, त्यांना दरबारी कलम म्हणत; सामान्य गिऱ्हाइकासाठी मोजक्या रेषांत उरकलेल्या कामाला बाजारी कलम हे नाव होते.

ठसा परवडतो तो हजारो सारख्या प्रती खपल्या तरच. येथे गिऱ्हाईक मर्यादित होते. शिवाय खरा वेळ थर चढवण्यात, घोटण्यात आणि लाख देण्यात जात असल्याने केवळ रेषा छापून फारशी बचत झाली नसती. उलट विलायती छापील बावन्न पानांचा जोड स्वस्त, हलका आणि मुठीत मावणारा होता. त्याने चिताऱ्याच्या चित्राशी स्पर्धा केलीच नाही. त्याने खेळच बदलला, आणि खेळणाराच उरला नाही तेव्हा बाजारी कलमाचे गिऱ्हाईक प्रथम गेले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ही विद्या जवळजवळ संपली होती. संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती जाणून घेतली आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून राजवाड्यातच कारागीर बसवून तिला पुन्हा काम मिळवून दिले. मात्र आज घडणारा जोड बहुधा संग्राहकाच्या किंवा पर्यटकाच्या हाती जातो, आणि डावाचे नियम जाणणारे त्याहून विरळ आहेत. एकोणिसाव्या शतकात जी दोन कलमे शेजारी नांदत होती, त्यांतील दरबारी कलम राजाश्रयाने सावरले. रोजच्या खेळावर जगणारे बाजारी कलम सावरण्यासाठी मात्र चितारी पुरेसा नव्हता, त्याला तिघे खेळाडू लागले असते.