तलवारीचा खेळ कधी होतो?

जळगाव जामोदहून सातपुड्याच्या पायथ्याने पूर्वेकडे निघालात की आधी संग्रामपूर लागतं, मग तेल्हारा तालुका आणि त्यातलं अडगाव. आज तालुक्यांमध्ये जिल्ह्याची सीमा आहे, पण १९०५ पर्यंत जळगाव तालुकाही अकोला जिल्ह्यातच होता. कापूस, तूर, सोयाबीन आणि उत्तरेला डोंगराची निळी रेघ असा हा सगळा सपाट मुलूख.

याच मुलखात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावची लढाई झाली. एका बाजूला नागपूरकर भोसल्यांची फौज आणि शिंद्यांचे घोडेस्वार, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली. असईची लढाई होऊन दोन महिने उलटले होते. भोसल्यांच्या बाजूने लढणारी एक तुकडी (वेलस्लीने तिचा उल्लेख ‘इराणी’ असा केला आहे) समोरच्या दोन गोऱ्या पलटणींवर थेट चालून गेली आणि हातघाईत जवळजवळ पूर्ण कापली गेली. संध्याकाळपर्यंत ३८ तोफा इंग्रजांच्या ताब्यात गेल्या. पंधरवड्यात गाविलगड पडला आणि देवगावचा तह झाला.

आता एक गेम आठवा. १९९३ साली जपानच्या एसएनके कंपनीने ‘सामुराय शोडाउन’ काढला. दोन योद्धे, दोघांच्या हातात शस्त्र आणि आडव्या पडद्यावर सामना. गोष्ट घडते ती १७८७-८८च्या सुमाराच्या जपानात, म्हणजे अडगावच्या जेमतेम पंधरा-सोळा वर्षं आधी.

ज्या निओ-जिओ मशीनवर हा गेम चाले, त्यात काडतूस बदललं की गेम बदलायचा. पार्लरवाल्याला हे परवडायचं. आपल्याकडे एसटी स्टँडच्या आसपासच्या पार्लरमध्ये गर्दी असायची ती ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ला, नाहीतर पोरांनी ‘मुस्तफा’ असं नाव पाडलेल्या डायनासोरच्या गेमला. हाणामारीच्या त्या गेममध्ये बटणं बडवत राहिलं तरी निभावून जाई. ‘सामुराय शोडाउन’मध्ये ते चालत नाही.

कारण इथे वार महाग आहे. नेमका लागलेला एक मोठा वार समोरच्याच्या आयुष्याचा मोठा तुकडा उडवतो. असे तीन-चार बसले की फेरी संपली. पण तोच वार हुकला, तर तलवार परत जागेवर येईपर्यंत तुम्ही उघडे पडता. म्हणून दोघंही थांबतात. एक पाऊल पुढे, एक मागे. योद्धे लांब गेले की चित्र लहान होतं, जवळ आले की मोठं होतं, त्यामुळे दोघांमधलं अंतर सतत डोळ्यांत भरत राहतं. तलवारी अडकल्या की झटापट होते आणि हरणाऱ्याच्या हातून शस्त्र उडतं. तरी खेळ संपत नाही. वेळ साधली तर रिकाम्या हातांनी समोरचं पातं पकडता येतं.

आखाड्यात लाठी शिकलेल्या माणसाला यात नवं काही वाटणार नाही. लाठीत पहिला धडा अंतराचाच असतो. फरी-गदक्यात छोटी ढाल आणि कातडं मढवलेली काठी घेऊन दोघं एकमेकांभोवती फिरतात, ते समोरचा कधी उघडा पडतो हे पाहण्यासाठी. दांडपट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, त्यामुळे मनगट वळत नाही आणि फिरवायचा तो अख्खा हात. म्हणजे एक फेक चुकली की सावरायला वेळ लागणारच.

पण ही शस्त्रं आखाड्यात आली कधी? भाले-तलवारी आधीही तालमीत फिरवल्या जात, पण त्या लढाईच्या तयारीसाठी. तोफा-बंदुकांनी रणांगणावर तलवारीचं काम संपवत आणलं. जपानमध्ये १८७६ साली तलवार कमरेला लावून फिरायला बंदी आली, आपल्याकडे १८७८ साली इंग्रजांचा शस्त्रकायदा आला. त्यानंतर तिकडे बांबूच्या तलवारीचं केंडो वाढलं, इकडे तालमी वाढल्या. १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायामशाळा सुरू केली. तीच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाली आणि १९३६ साली तिच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. २०२४ साली दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला, तेव्हा त्याने लढाई करून शतकं उलटली होती.

शस्त्र हरलं की त्याचा खेळ होतो. आणि खेळ त्यातलं काय जपतो, हे पाहण्यासारखं आहे. अडगावच्या शेतात कित्येकांना मारणारा माणूस दिसलाही नसेल. गोळा दुरून आला आणि रांग पडली. कसब, वर्षांची मेहनत, उस्तादाने घटवलेला हात, यांपैकी कशालाच तिथे किंमत नव्हती. बंदुकीने जे हिरावलं, तेच खेळाने ठेवून घेतलं: समोरासमोर उभे दोघे, सारखीच संधी आणि वार करण्याआधीचा तो एक श्वास. ‘सामुराय शोडाउन’ची ओढ मला तरी रक्ताच्या चिळकांडीत दिसत नाही, ती या श्वासात दिसते.

अर्थात या ओढीत थोडी फसवणूकही आहे. प्रत्यक्ष युद्धात इतका न्याय कधीच नव्हता. तलवारीच्या काळातही संधी सारखी नसायची, आणि ज्या शांत जपानात हा गेम घडतो, तिथले बहुतेक सामुराय तेव्हा कारकुनी करत होते. आज मिरवणुकीत किंवा रीलमध्ये तलवार उंचावणाऱ्यांना तिच्यातलं शौर्य तेवढं दिसतं. हातात तलवार घेऊन समोर तलवारवाला उभा असताना पोटात जो गोळा येतो, त्याची आठवण मात्र या जुन्या गेमला आहे.

तो आता फोनवरही मिळतो. खेळून बघा. पहिले काही सामने घाईने हराल, मग थांबायला शिकाल. आणि कधी तेल्हाऱ्याकडून जाताना अडगावची पाटी दिसली, तर तिथल्या रानात पडलेल्यांचीही आठवण ठेवा. त्यांना दुसरी फेरी मिळाली नव्हती.