नाव नारायण, गाव बेथेल : ‘मी कोण?’ची मराठवाड्यातली एक गोष्ट

 

लातूर-नांदेडकडच्या पोरापोरींचे मेसेज येतात, त्यात एक प्रश्न फिरून फिरून असतो. ‘मी नक्की कोण? आणि मी करायचं काय?’ नीटचा क्लास लावलेला असतो, इन्स्टाला बायो लिहिलेला असतो, तरी हा प्रश्न काही सुटत नाही. काहींनी असंही विचारलंय, की श्रद्धेतून याचं उत्तर मिळतं का? आणि आपल्याकडच्या ख्रिस्ती लोकांची गोष्ट कुणी सांगत का नाही?

तर आज तीच सांगतो.

आधी एक गोष्ट नांदेडची, कारण ती तुम्हाला माहीत आहे. 1708 साल. गोदाकाठी माधोदास नावाचा बैरागी राहत होता. गुरु गोविंदसिंगजी तिथं आले, भेट झाली, आणि परंपरा सांगते की तो म्हणाला, मी तुमचा बंदा. पुढं तोच बंदा सिंग बहादूर झाला आणि पंजाबात गेला. म्हणजे ‘मी कोण’ आणि ‘मी कशासाठी’ ही दोन्ही उत्तरं त्याला एकदमच मिळाली. आपल्याला वाटतं, सगळ्यांचं असंच होत असेल.

पण सगळ्यांचं तसं होत नाही. काहींना पहिलं उत्तर मिळतं आणि दुसऱ्यासाठी वीस-वीस वर्षं थांबावं लागतं.

आता मुंबईत चला, साल 1843. स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत दोन ब्राह्मण भाऊ शिकत होते. थोरला नारायण शेषाद्री, धाकटा श्रीपत. नारायण वयात आलेला होता. त्यानं विचार करून बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ती झाला. श्रीपत अजून लहान होता आणि तोही भावासोबत मिशनऱ्यांकडे राहिला. बापाच्या जिवाची काय अवस्था झाली असेल, विचार करा. एक गेला तो गेलाच, निदान दुसरा तरी परत मिळावा म्हणून बाप कोर्टात गेला. कोर्टानं निकाल दिला : मुलगा अज्ञान आहे, त्याला वडिलांच्या ताब्यात द्या.

संपलं? छे. खरा गोंधळ इथून पुढं सुरू झाला. मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहिला, जेवला, म्हणजे बाटला. मग त्याला शुद्ध करून जातीत परत घ्यायचं की नाही? ‘घ्या’ म्हणून पुढाकार घेतला तो बाळशास्त्री जांभेकरांनी. हो, तेच, ज्यांच्या ‘दर्पण’मुळं 6 जानेवारीला आपण पत्रकार दिन साजरा करतो. सनातनी मंडळी त्यांच्यावर तुटून पडली. बहिष्काराची भाषा झाली, वाद मुंबईबाहेरही पोचला.

या सगळ्यात श्रीपतकडे बघा. तो कोण, हे कोर्ट ठरवतंय, बाप ठरवतोय, मिशनरी ठरवतायत, शास्त्री ठरवतायत. त्याच्याविषयी बोलणारे ढीगभर लोक, आणि तो एवढासा पोरगा मधोमध. बापाचं दुःख खोटं नव्हतं, हेही लक्षात ठेवा. श्रद्धेच्या गोष्टीत असं कुणाचं तरी घर तुटलेलं असतं, आणि ते आपण पटकन विसरतो.

नारायणनं मात्र स्वतः ठरवलं होतं. तो पुढं रेव्हरंड झाला. त्यानं नाव बदललं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नारायण म्हणजे विष्णू, शेषाद्री म्हणजे तिरुपतीचा डोंगर. रेव्हरंड नारायण शेषाद्री! 1873 मध्ये न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी ख्रिस्ती परिषद भरली, तिथंही ते डोक्याला पागोटं बांधूनच गेले. ख्रिस्ती व्हायला साहेब व्हावं लागत नाही, हे त्यांनी वाद न घालता दाखवलं.

पण तेवढ्यानं ‘कशासाठी’ सुटत नाही. ते सुटलं आपल्या मराठवाड्यात.

नांदेडहून मनमाडकडची गाडी पकडली की परभणी, सेलू, परतूर आणि मग जालना. लातूरकरांनी परळी-परभणीमार्गे यायचं. तेव्हा रेल्वे नव्हती, आणि हा सगळा मुलूख निजामाचा. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत होताच. जालन्याला इंग्रजांची छावणी होती. 1860च्या दशकात शेषाद्री तिथं स्थिरावले. त्यांच्याकडे येणारे लोक मुख्यतः मांग आणि महार समाजातले. गावात त्यांची जागा वेशीबाहेर. कुणी ख्रिस्ती झालं की उरलासुरला आधारही जायचा.

मग हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली आणि जालन्याजवळ शेषाद्रींनी एक गाव वसवलं. घरं, चर्च, शाळा, शेती. गावाचं नाव ठेवलं बेथेल. म्हणजे देवाचं घर.

हे नाव बायबलमधल्या याकोबाच्या गोष्टीतलं आहे. याकोब घरातून पळून निघालेला, कारण त्यानं आंधळ्या बापाला ‘मी एसाव’ असं सांगून भावाचा आशीर्वाद लाटला होता. रानात धोंडा उशाला घेऊन झोपतो, स्वप्न पडतं, आणि त्या जागेला तो बेथेल म्हणतो. पुढं कितीतरी वर्षांनी त्याला विचारलं जातं, तुझं नाव काय? तेव्हा तो आपलं खरं नाव सांगतो.

वेशीबाहेरच्या माणसांना हे नाव कसं वाटलं असेल? ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते, ती राहतात त्या गावालाच देवाचं घर म्हणायचं!

याच सुमाराची अजून एक गोष्ट. 1855 मध्ये पुण्याला फुल्यांच्या शाळेतली मांग समाजाची मुलगी, मुक्ता साळवे, हिनं निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकात छापून आला. तिनं देवालाच विचारलं, की आमचा धर्म कोणता ते आम्हाला सांग. नारायणचा प्रश्न होता ‘मी कोण?’. मुक्ताचा प्रश्न होता ‘आम्ही कोण?’. मला वाटतं, नारायणच्या प्रश्नाला पुरतं उत्तर मिळालं, ते जेव्हा हा दुसरा प्रश्न विचारणाऱ्यांच्या शेजारी जाऊन राहिले तेव्हाच. बाप्तिस्मा 1843 मध्ये झाला. काम सापडायला पुढची दोन दशकं गेली.

काही जण म्हणतील, लोक जमिनीसाठी गेले. गेले असतील काही. पण ज्याला पिढ्यान्‌पिढ्या जमीनच नाही, त्याला माणूस म्हणून उभं राहायची जागा मिळणं, ही गोष्ट त्याच्या श्रद्धेपासून वेगळी कशी काढणार?

आणि हा प्रश्न इतिहासात जमा झालेला नाही. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. 2022 मध्ये यावर बालकृष्णन आयोग नेमला गेला. म्हणजे चर्चमध्ये पोरगा ऐकतो की तू देवाचं लेकरू आहेस, आणि सेतू केंद्रात फॉर्म भरताना त्याचा पेन धर्माच्या रकान्यावर अडतो. खरं लिहिलं तर सवलत जाते, नाही लिहिलं तर आतून काहीतरी जातं. श्रीपतच्या वेळी कोर्ट आणि शास्त्री होते, आता रकाना आहे.

म्हणून ‘मी कोण?’ विचारणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. उत्तर श्रद्धेतून मिळालं असेल तर आनंद आहे, पण तिथंच थांबू नका. नारायणसारखं बघा, की त्या उत्तरानं तुम्हाला कुणाच्या शेजारी नेऊन बसवलं. वेळ लागला तर लागू द्या.

तुमच्या गावात अशी एखादी जुनी वस्ती, चर्च, शाळा असेल, तर तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला आणि मला कळवा. पुढच्या भागात भेटूच. राम राम, जय भीम, सलाम, सत श्री अकाल, आणि आज खास, जय ख्रिस्त.